साहेब तोंडी सांगतात, ‘एमबी (झालेल्या कामाची मोजमापे नोंदवण्याची पुस्तिका) भरून टाक’. कनिष्ठ अभियंत्याने काय करावे? (‘सहीपूर्वी’ हे विचारणाऱ्याचे, तर ‘टिप्पणी’ आणि ‘मोजपट्टी’ ही उत्तर देणाऱ्यांची नावे.)

सहीपूर्वी:
सार्वजनिक बांधकाम विभागाचा रस्ता, लांबी १ किमी, रुंदी ३.७५ मी. अंदाजपत्रकात डब्ल्यूबीएमचा (पाणी मारून दाबलेल्या खडीचा) दबाई झालेला थर ७५ मिमी. तपासणीसाठी खड्डे घेऊन मोजले तर सरासरी ५० मिमीच भरतो. मार्चअखेर असल्याने उपअभियंता म्हणतात, ७५ धरून नोंद कर, बाकी मी बघतो. वरिष्ठांचे ऐकायचे की मनाला पटेल ते करायचे? नकार दिला तर शिस्तभंग होतो का?

टिप्पणी:
महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ वाचा. तोंडी आदेश मिळाला की त्याची लेखी पुष्टी शक्य तितक्या लवकर घेणे हे कर्मचाऱ्याचेच काम आहे. त्यामुळे लेखी मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. त्याच दिवशी चार ओळींचे पत्र द्या: ‘आपल्या आजच्या तोंडी सूचनेस अनुसरून कळवतो की, साखळी क्रमांकनिहाय खड्ड्यांत थराची सरासरी जाडी ५० मिमी आढळली. ७५ मिमीची नोंद करता येत नाही. पुढील लेखी आदेश व्हावेत.’ (साखळी क्रमांक म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर.) आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली पोच स्वतःकडे ठेवा. पत्रात आरोप नको, फक्त मोजमाप.

मोजपट्टी:
वरचे पत्र द्याच, पण उद्या साहेबांनी खरोखर लेखी आदेश दिला तर? तरीही खोटी नोंद करू नका. इथेच बरेच जण फसतात. २५ मिमीचा फरक म्हणजे १००० × ३.७५ × ०.०२५ = ९३.७५ घनमीटर न झालेल्या कामाचे पैसे, आणि मोजमापाखाली सही तुमची. भारतीय न्याय संहितेचे कलम १४ वस्तुस्थितीबाबत चूक झालेल्याला वाचवते. जाडी तुम्हीच मोजली आहे, मग चूक कसली?

एमबीत जागेवरचेच आकडे शाईने लिहा. ‘नंतर गिरवू’ म्हणून पेन्सिलने नको, कोऱ्या पानावर सही नको, पुस्तिका ठेकेदाराकडे तर मुळीच नको. चूक झाली तर एक रेघ मारून तारखेसह सही करा.

साहेबांना वाटही दाखवा. ६३ ते ४५ मिमीची खडी २५ मिमीच्या थरात बसत नाही, म्हणून वरून नुसती खडी पसरून भागणार नाही. थर उखडून, कमी पडलेली खडी घालून पुन्हा पाणी मारून दबाई करावी लागेल. हा खर्च ठेकेदाराचा.

सहीपूर्वी:
आणि बदली केली तर?

टिप्पणी:
बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमानुसार मुदतीपूर्वी बदली करायची तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) दाद मागता येते. पत्राची पोच तिथे कामी येते. जिल्हा परिषदेचे कर्मचारी मात्र मॅटच्या कक्षेत येत नाहीत.

मोजपट्टी:
एक फरक मात्र पाळा. आधी कोणता रस्ता घ्यायचा, निधी कुठे वळवायचा, हे न पटले तरी वरिष्ठांच्या अधिकारातले आहे. फाइलवरच्या टिप्पणीत मतभेद नोंदवा आणि काम करा. प्रत्येक नावडता आदेश सदसद्विवेकावर नेला की खऱ्या नकाराचे वजन जाते.

बाहेर तक्रार करायची झाली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा फोन क्रमांक १०६४ आहे, पण नाव कुठे पोचेल याचा आधी विचार करा. सुवर्ण चतुष्कोन रस्त्यांतील गैरव्यवहार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांचे नाव गुप्त राहिले नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांची हत्या झाली. म्हणून एकट्याने धावू नका. आधी कार्यकारी अभियंत्याकडे लेखी जा, आणि कागदांच्या प्रती घराबाहेरही ठेवा.