गोडी नंतर, आधी ‘झेपेल’ वाटू दे

‘कॉलेजच्या मुलांना वाचायची गोडीच नाही’ असं बरेच जण म्हणतात. गोडी नंतरची गोष्ट, आधी ‘हे मला झेपेल’ असं वाटावं लागतं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये या विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतःला जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याला जमताना पाहणं, इतरांचं प्रोत्साहन आणि शरीर-मनाची अवस्था. पहिला सर्वांत जोरकस, म्हणून नुसत्या ‘तुला जमेल रे’ने भागत नाही.

मराठी माध्यमातून एफवायला (पदवीच्या पहिल्या वर्षाला) आलेल्या मुलाच्या हाती अर्थशास्त्राचं इंग्रजी पुस्तक पडतं. पान पहिलं, प्रस्तावना, दर ओळीला डिक्शनरी. अर्ध्या तासात अर्धं पान, वाक्याचा धागा केव्हाच तुटलेला. मग गाइड. (गाइड वाईट नाही, आराखडा कळतो. तिथेच मुक्काम नको.)

त्याऐवजी सिलॅबसमधलं एकच उपशीर्षक घ्या, दीड-दोन पानं. तोच मुद्दा आधी मराठीत वाचा. पहिल्या वाचनात डिक्शनरी बंद, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ. शंभर शब्दांत पाच-सहाहून जास्त रेघा पडल्या तर सोपं पुस्तक घ्या, त्यात कमीपणा नाही. ‘इलॅस्टिसिटी’सारखे पुन्हापुन्हा येणारे चार-पाचच शब्द मग डिक्शनरीत शोधा. मग पुस्तक मिटून मराठीत तीन ओळी लिहा. नाही जमल्या तर तेवढाच परिच्छेद पुन्हा.

शिक्षकांनी वर्गात अचानक उभं करून वाचायला लावू नये, उच्चारांच्या धास्तीत अर्थ हरवतो. नमुना दाखवायचा तर त्याच माध्यमातून आलेल्या एसवायच्या (दुसऱ्या वर्षाच्या) मुलाची रेघा मारलेली झेरॉक्स दाखवा, टॉपरची नको.