बीबीएला फायनान्स घेऊन सोलापुरात करायचं काय?

टॉवेलवाला
पुतणी बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे स्पेशलायझेशन निवडायचंय आणि तिचं ठरलंय, फायनान्सच. माझा विरोध आहे. उघड लिहितोय, म्हणजे उद्या 'काका, तेव्हाच का बोलला नाहीत' असं व्हायला नको.

सीए व्हायचं असेल तर बारावीनंतर फाउंडेशन देऊन सरळ त्या वाटेला लागावं. त्याला बीबीए लागत नाही आणि आता आर्टिकलशिपही, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनाची दोन वर्षांवर आली आहे. पण सीए नाही, एमबीए नाही, नुसती बीबीए फायनान्स करून सोलापुरात मिळतं काय? खासगी बँकेत खाती उघडायचं टार्गेट, नाहीतर विम्याच्या पॉलिसी गळ्यात मारायच्या. बाकीची पोरं हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला. इकडे घरचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे, माल विकायला माणूस पाहिजे. मार्केटिंग घे म्हटलं की तोंड फुगवते. आमच्या दिवाणजींनी लाल वहीवर सगळा पैसा सांभाळला, त्यांनी कुठे फायनान्स केलं होतं?

कडकभाकरी
+१. मी बीबीए फायनान्स, सोलापूरच. वर्किंग कॅपिटलची, म्हणजे धंदा रोज चालवायला लागणाऱ्या पैशाची, व्याख्या झोपेत विचारा, सांगतो. रेशो अ‍ॅनालिसिसची गणितं गाइडमधून इतकी घोटली की आकडे बघून उत्तर आठवायचं. पण तीन वर्षांत एका खऱ्या कंपनीचा ताळेबंद कुणी हातात दिला नाही. आज पुण्यात एका बॅक ऑफिसला केवायसीचे कागद तपासतो. पॅनवरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतंय का बघायला डिग्री कशाला लागते बे?

निवृत्त_लोनवाला
टॉवेलवाले, पूर्ण असहमत. राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जविभागात नोकरी झाली माझी, तुमच्यासारखी बरीच खाती हाताळली. आकडे मी धरतो, तुमचे थोडे इकडेतिकडे असतील.

महिन्याला १० लाखांची विक्री. सूतवाला १५ दिवस थांबतो. सूत, मागावरचा माल आणि गोडाऊनमधला तयार माल मिळून ३० दिवस. मुंबईची पार्टी ९० दिवसांनी पैसे देते. ३० अधिक ९०, वजा १५. म्हणजे १०५ दिवस, साडेतीन महिने तुमचा पैसा बाहेर. ढोबळमानाने ३५ लाख. कॅश क्रेडिट, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत लागेल तसं उचलायचं बँकेचं कर्ज, ११ टक्क्यांचं असेल तर वर्षाला ३ लाख ८५ हजार नुसतं व्याज. वर्षाच्या १ कोटी २० लाखांच्या विक्रीवर तुम्हाला सहा टक्के सुटत असतील, तर ७ लाख २० हजार. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा उधारीच खाऊन टाकते. हे दिवाणजींच्या वहीत कुठल्या पानावर आहे? वहीत व्याज दिसतं, ते कशामुळे भरतोय हे दिसत नाही.

आता पुढचं. पार्टी म्हणते, '९० ऐवजी ३० दिवसांत देतो, दोन टक्के सोडा.' सोलापुरात शंभरातले नव्वद जण चटकन हो म्हणतील. दोन टक्केच तर आहेत! पण ९८ रुपये ६० दिवस आधी मिळावेत म्हणून तुम्ही दोन रुपये सोडताय. वर्षाच्या हिशेबाने तो दर १२.४ टक्के पडतो. बँकेचा ११. म्हणजे बँकेची लिमिट शिल्लक असेल तर सूट देणं तोट्याचं. आणि बाहेरून महिना दोन टक्क्यांनी पैसा उचलत असाल तर तीच सूट फायद्याची. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, हातात कुठला पैसा आहे त्यावर. पुतणी हे शिकून आली तर तिचा पगार पहिल्याच वर्षी वसूल.

जाता जाता, ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणी बघून त्या वेळी किती उचलता येईल तो आकडा. ९० दिवसांच्या वरची येणी आम्ही त्यात धरायचो नाही. पार्टी लांबली की तुमची लिमिटही आखडते, नेमकी गरज असताना. मग साहेब त्रास देतात म्हणून आमच्या नावाने बोंब.

टॉवेलवाला
हिशेब मान्य. पण उधारी मी हौसेने देतो का? १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात तो ४३बी(एच) आला. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्या, नाहीतर प्रत्यक्ष द्याल त्या वर्षीच खर्चाची वजावट मिळेल. आम्ही खूश. मुंबईची पार्टी काय म्हणाली माहितीये? 'शेठ, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंद आहे, मग आम्ही नसलेल्याकडून घेतो.' आता हे कुठल्या सेमिस्टरला शिकवतात सांगा. पार्टीला फोनवर कसं पटवायचं हे मार्केटिंगचंच काम.

निवृत्त_लोनवाला
पटवायला जाताना आपला आकडा माहीत नको का? नाहीतर 'बघा की शेठ, जरा लवकर' एवढंच बोलणं होतं. आणि ट्रेड्स नावाच्या ऑनलाइन सोयीवर बिल चढवून मुदतीआधी वटवता येतं, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालतं. मोठा खरेदीदार असेल तर विचारून बघा. तुमची पार्टी त्यात येणार नाही बहुतेक, पण निर्यातदाराला माल देत असाल तर चौकशी करायला काय जातं?

नवीपेठेतली
सगळे कारखान्यावरच बोलताय. मी बीबीए फायनान्स आहे, सासरी कापडाचं दुकान, आणि बाजूला विडी कामगार बायकांच्या बचत गटाचा हिशेब बघते. मागच्या महिन्यात एकजण कर्जाचा कागद घेऊन आली. एक लाख, तीन वर्षं, '१० टक्के फ्लॅट'. व्याज ३० हजार, हप्ता ३,६११. 'ताई, बँकेपेक्षा स्वस्त आहे ना?' म्हणाली. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते, पण व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण लाखावर चालू. शिल्लक रकमेवर हिशेब मांडला तर दर जवळजवळ १८ टक्के निघतो. मी मोबाइलवर तक्ता करून दाखवला. ती बराच वेळ चोविसाव्या हप्त्याच्या ओळीवर बोट ठेवून बसली होती, तिथे शिल्लक ४० हजारांच्या आसपास आणि व्याज मात्र लाखाचं.

नोकरीच्या तराजूत तोलाल तर माझी डिग्री वाया गेली. घरात मात्र कुठलाही कर्जाचा कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय सही होत नाही. सासरे सुद्धा थांबतात.

कडकभाकरी
ताई, भारी. पण हे एका शनिवारी शिकवता येतं. त्यासाठी तीन वर्षांची फी?

नवीपेठेतली
शिकवता येतं, मग तुला का नाही शिकवलं? दोष विषयाचा की शिकवणाऱ्याचा, ते ठरव आधी.

आसरा_चौक
मला तिसरीच भीती आहे. माझा मुलगा याच वर्गात. निम्मी पोरं फायनान्स म्हणजे शेअरबाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग समजून आली आहेत. रील्स बघायचे, पॉकेटमनी घालवायचा. शेअरबाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात. हे वाचून दाखवलं तर मुलगा म्हणतो, 'बाबा, मी सात टक्क्यांतला.' टॉवेलवाले, पुतणीला आधी एवढंच विचारा, फायनान्स म्हणजे काय वाटतं तुला? उत्तरात 'मार्केट' आलं तर तुमचा विरोध बरोबर.

टॉवेलवाला
विचारलं. म्हणाली, 'आपली लिमिट दर दिवाळीला का संपते ते मला बघायचंय.'
आता यावर काय बोलणार!

निवृत्त_लोनवाला
मार्चनंतर तिला आमच्याकडे पाठवा. घरी बसून दोन-तीन छोट्या युनिट्सची बँकेची कामं बघतो. बँकेला द्यायचं दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता, ती करेल, गोडाऊनला जाऊन माल मोजून. सुरुवात तुमच्याच गोडाऊनपासून.

टॉवेलवाला
म्हणजे जुना पडून राहिलेला माल मी स्टेटमेंटमध्ये कसा धरतो ते तिलाच मोजायला लावणार. पाठवतो. मार्केटिंग बरं, हे माझं मत मात्र तसंच आहे.