'अपटाइम'ला मराठीत काय लिहावं?

वाचनालयवाला: गावच्या वाचनालयाच्या संकेतस्थळावर, अगदी तळाला, सर्व्हर किती काळ चालू आहे ते दाखवतोय. सर्व्हरची कार्यप्रणाली, म्हणजे लिनक्स, आकडा सेकंदांत देतं, त्याचे दिवस-तास करून झाले. अडलंय ते शब्दापाशी. सध्या 'कार्यकाळ : ४२ दिवस ३ तास' असं लिहिलंय.

जुनाखोंड: कार्यकाळ नको हो. तो सरपंचाचा असतो, त्याला मुदत असते. तुमचा सर्व्हर काय निवडून आलाय? 'अखंड सेवा' लिहा. अखंड हरिनाम सप्ताह म्हणतो ना आपण, तसं.

लिनक्सकाका: कानाला गोड, पण खोटं. यंत्र शेवटचं बूट होऊन, म्हणजे सुरू होऊन, किती सेकंद झाले, एवढंच तो आकडा सांगतो. मधे वेबसर्व्हर, म्हणजे पानं पुरवणारा प्रोग्रॅम, पडला, नेट गेलं, तरी मोजणी चालूच. वात विझली तरी समई जागेवर आहे म्हणून नंदादीप अखंड म्हणायचा का? घोळ मुळात इंग्रजीतच आहे, दोन गोष्टींना एकच शब्द. सर्व्हर भाड्यानं देणारे होस्टिंगवाले '९९.९ टक्के अपटाइम' म्हणतात ती उपलब्धता. त्या हिशेबात वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद राहायची मुभा मिळते! ९९.९९९ टक्के म्हटलं तर जेमतेम सव्वापाच मिनिटं.

वाचनालयवाला: मग 'उपलब्धता' लिहू?

लिनक्सकाका: ती बाहेरच्या यंत्रावरून मोजावी लागते. बंद पडलेला सर्व्हर 'मी बंद आहे' असं स्वतःच्या पानावर कसा लिहिणार?

कानामात्रा: पण नाम हवंच कशाला? लग्नाला किती वर्षं झाली, पाऊस थांबून किती दिवस झाले, असं आपण क्रियापदानं भागवतो. 'सर्व्हर सुरू होऊन ४२ दिवस झाले' लिहा. फक्त '१ दिवस झाला' आणि '२ दिवस झाले' हे कोडात सांभाळा.

जुनाखोंड: तळपट्टीत मावायचं नाही. 'सलग चालू' बरं.

लिनक्सकाका: 'सलग' यंत्रापुरतं खरं आहे, चालेल. मात्र आकडा वाढला म्हणून मिरवू नका. कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, अपडेट लावलं की सहसा रीबूट लागतो. जुन्या लिनक्सवर तर ४९७ दिवस भरले की मोजणी आपोआप शून्यावर यायची, ३२ बिटांत मावायची नाही म्हणून.

वाचनालयवाला: 'सुरू होऊन' ठेवलं. 'झाले' गाळलं, म्हणजे एकवचनाची भानगडही मिटली. सध्या दिसतंय 'सुरू होऊन : २ तास'. काकांचं वाचून सकाळीच अपडेट लावलं.