साथीच्या काळात कारखान्याचे कार्यालय घरी न्यावे का?

खतावणी:
शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींतल्या लहान फाउंड्र्यांचे (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांचे) व मशीन शॉपचे हिशेब आणि विवरणपत्रे मी सांभाळतो. त्यामुळे पुढील मत कार्यालयीन काम करणाऱ्याचे आहे, हे आधीच सांगतो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत कार्यालयीन काम घरून करण्याची जी जोडणी बहुतेकांनी घाईघाईने लावली, ती साथ ओसरताच मोडीत निघाली. माझ्या मते ती लेखी स्वरूपात जपावी आणि वर्षातून एखादा दिवस चालवूनही पाहावी. कोल्हापूरकरांना याचे कारण निराळे सांगावे लागू नये. जून २०२१ मध्ये राज्याने जिल्ह्यांचे स्तर ठरवले तेव्हा आपण चौथ्या, म्हणजे कडक निर्बंधांच्या स्तरात होतो, आणि ते निर्बंध सैल होतात न होतात तोच जुलैत पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले.

काम अडले ते संगणक नव्हते म्हणून नव्हे. मालाच्या वाहतुकीसाठी लागणारे ई-वे बिल कोठूनही काढता येत होते. परंतु टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सगळा डेटा कार्यालयातल्या एकाच यंत्रावर होता आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन (संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) मालकांच्या टेबलाच्या खणात कुलपात होते. ही अडचण शासनानेही ओळखली होती. मे २०२० मध्ये अधिसूचना काढून कंपन्यांना जीएसटीचे ३बी विवरणपत्र डिजिटल स्वाक्षरीऐवजी ओटीपीने पडताळून भरण्याची तात्पुरती मुभा दिली गेली, तेव्हा कुठे अनेकांची गाडी रुळावर आली.

साचेवाला:
खतावणी साहेब, आपला मुद्दा विवरणपत्रांपुरता मान्य आहे, पण फाउंड्रीचे कार्यालय म्हणजे केवळ विवरणपत्रे नव्हेत. ग्राहकाकडून परत आलेल्या कास्टिंगचा (ओतीव भागाचा) फोटो पाहून दोष आत अडकलेल्या वायूचा की साच्याच्या वाळूचा, हे ठरवताना अनुभवी माणूसही चाचरतो. तडा गेल्याचा संशय असेल तर हातोडीने ठोकून आवाज बद्द येतो की खणखणीत, ते ऐकावे लागते, आणि तो आवाज फोनवरून कळत नाही. आमच्याकडे वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले जात. एका पावतीवर पाठवणाऱ्याचा अंगठा नेमका शेवटच्या आकड्यावर आला होता. घरी बसलेल्या लिपिकाने अंदाजाने आकडा भरला आणि मालाबरोबरचे चलन व बिल यांचा मेळ बसेना. कार्यालय आवारातच असते, तर तो उठून काट्यापर्यंत गेला असता.

दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. केंद्राच्या सवलतीनंतर २० एप्रिल २०२० पासून काही उद्योगांना अटींवर काम सुरू करता आले. मोल्डर (साचे बनवणारा) आणि फेटलिंगचा (ओतलेले भाग साफ करणारा) कामगार मास्क लावून भट्टीपाशी उभा राहणार आणि बिल करणारा घरी सुरक्षित बसणार, ही विभागणी लेखी करून कायमची करावी, हे माझ्या पचनी पडत नाही.

कळंबेकर:
साचेवाले काका, घरी बसणारा सुरक्षित होता, हे खरे. पण आरामात होता, असा अर्थ कृपया काढू नये. मी एका मशीन शॉपमध्ये खरेदी विभाग पाहते. दोन खोल्यांचे घर, एकाच मोबाइलवर मुलाची शाळा आणि माझे पुरवठादार, शिवाय सासूबाईंना खोकला आला की सगळ्यांच्या पोटात गोळा. इंटरनेटचे पैसे माझे, विजेचे बिल माझे, आणि रात्री दहा वाजता ‘ती पीओ (खरेदीची ऑर्डर) एकदा बघता का’ म्हणून येणारा फोनही माझ्याच माथी. खतावणी साहेबांनी योजना लेखी असावी असे म्हटले, पण तीत भत्ता किती आणि कामाची वेळ कोणती, याचा उल्लेखही केला नाही. मला नेमका तेथे आक्षेप आहे.

साचेवाला:
भत्त्याचे मला पटत नाही, कारण ऑर्डरी बंद असताना लहान मालकाने तो आणायचा कोठून? आणि खतावणी साहेब, पुराचे उदाहरण तर आपल्याच विरुद्ध जाते. २०१९ च्या महापुरात घरेच पाण्यात होती आणि अनेक भागांत वीज नव्हती. तेथे घरून काम काय होणार?

खतावणी:
पुरापुरता आपला आक्षेप रास्त आहे. घरून काम हा साथीवरचा उपाय आहे, त्याला सर्व संकटांवरचा तोडगा म्हणता येणार नाही. कास्टिंगची तपासणी, पॅटर्नची (साच्यासाठीच्या नमुन्याची) मापे, वजनकाटा ही कामेही आवारातच राहावीत. परंतु विषमतेच्या आक्षेपाला माझे उत्तर आहे. एक हजारांपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यात महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत देणे कायद्याने बंधनकारक होते. ती यादी तयार करून बँकेत चढवणारा लिपिक आजारी पडला किंवा त्याची गल्ली प्रतिबंधित क्षेत्रात गेली, तर फटका सर्वांत आधी त्याच मोल्डरला बसतो, ज्याच्या वतीने आपण बोलत आहात. भविष्य निर्वाह निधीचा भरणाही याच टेबलावरून होतो. कार्यालयातले चार जण घरी राहिल्याने कँटीनमधली आणि फाटकावरची गर्दी तेवढी कमी होते, हा भट्टीवरच्यांचाच लाभ आहे. भत्त्याबाबत मात्र कळंबेकर ताईंशी मी सहमत आहे. निदान इंटरनेटचा खर्च तरी मालकाने उचलावा.

कळंबेकर:
वेतनाचा विषय निघाला म्हणून सांगते. आमच्याकडे यादी वेळेवर तयार होती, ती बँकेच्या संकेतस्थळावर चढलीही होती. पण ओटीपी मालकांच्या मोबाइलवर येई आणि मालक कोविड केंद्रात ऑक्सिजनवर होते. त्यांच्या मुलाने परिचारिकेमार्फत मोबाइल मिळवेपर्यंत सगळ्यांचे पगार अडकून पडले. दुसरा अधिकृत सहीदार बँकेत आधीच नोंदवलेला असता, तर ही वेळ आली नसती. योजना लिहायचीच असेल तर पहिले कलम हे असावे आणि दुसरे फोनच्या वेळेचे.

साचेवाला:
दुसरा सहीदार नोंदवायला माझी हरकत नाही. हे काम याच आठवड्यात करून घेतो. इंटरनेटचा खर्चही साथीपुरता देता येईल. परंतु कामाची वेळ लेखी बांधून देण्यास मी तयार नाही, कारण भट्टी रात्रपाळीत चालते आणि माल संपला तर फोन रात्रीच करावा लागतो.