ॲस्परॅगस फर्न पिवळा पडून झडतोय, काय चुकतंय?

प्रश्न
माझ्याकडे तो पिसासारखा नाजूक, आडवा पसरणारा ॲस्परॅगस फर्न आहे. आणला तेव्हा इतका हिरवागार होता की येताजाता हात फिरवावासा वाटायचा, पण महिनाभरात आतल्या फांद्या पिवळ्या पडायला लागल्यात आणि जरा धक्का लागला की बारीक सुया झरझर खाली. फर्नला ओलावा लागतो म्हणून रोज पाणी घालते, खिडकीपासून लांब सावलीत ठेवलाय. प्लीज सांगा, हे झाड मला घालवायचं नाहीये.

उत्तर १
नावानेच घोळ केलाय, हा फर्न नाहीच. मूळचा दक्षिण आफ्रिकेतला, आपल्या शतावरीचा भाऊबंद. फर्नला फुलं-बिया येत नाहीत, याला बारीक पांढरी फुलं आणि नंतर काळपट फळं येतात. त्या सुया पण पानं नाहीत, बारीक झालेल्या फांद्याच आहेत, खरी पानं म्हणजे खोडावरचे खवले नाहीतर काटे. तर रोजचं पाणी आधी थांबवा, बोट घालून वरची माती कोरडी लागली तरच घाला, आणि खिडकीजवळ आणा, उजेड भरपूर पण कडक ऊन नको.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, फक्त एक, पाणी तोडायचं म्हणून पार ठणठणीत पण करू नका. स्प्रेंगेरी आणि फॉक्सटेल या ॲस्परॅगस फर्नच्याच दुसऱ्या प्रकारांच्या मुळांना पाणी साठवायच्या गाठी असतात, ते चार दिवस विसरलात तरी निभावतात, तुमच्या पिसांच्या जातीकडे तेवढा साठा नसतो. पिवळ्या फांद्या परत हिरव्या होत नाहीत, त्या बुडापासून कापा, अर्धवट कापली तर तिथून वाढत नाही, नवीन कोंब मातीतूनच येतो. आणि घरात मांजर-कुत्रा असेल तर लांब ठेवा, फळं खाल्ली तर उलट्या-जुलाब होतात.

प्रश्नकर्ती
बापरे मी तर फर्न समजूनच चालले होते. आत्ता कुंडीतून काढून बघितलं, खालची माती चिखल झालीये आणि काही मुळं तपकिरी, मऊ लागतायत, बाकीची पांढरट आहेत. गेलं का झाड?

उत्तर २
नाही हो, पांढरी आहेत ना मग वाचेल. मऊ मुळं स्वच्छ कात्रीने काढा, निचरा होणाऱ्या भुसभुशीत मातीत लावा, कुंडी मोठी घेऊ नका नाहीतर परत ओल साचेल. नवीन कोंब दिसेपर्यंत खत अजिबात नको.

प्रश्नकर्ती
लगेच करते. बुडाशी एक हिरवा कोंब आहे बारीकसा, तो सांभाळून ठेवते.