काकांच्या जुन्या फोटोतल्या रशियन पाणबुड्या कुणी ओळखू शकेल का?

जुना_अल्बम:
नमस्कार मंडळी. माझे काका मर्चंट नेव्हीत होते. १९९३ च्या उन्हाळ्यात त्यांचं जहाज सेंट पीटर्सबर्गला चाललं होतं, तेव्हा वाटेत क्रोनश्टाटच्या बंदराजवळून जाताना त्यांनी डेकवरून काही फोटो काढले होते. मागच्या वर्षी काका गेले आणि काकूने अल्बम माझ्या हातात दिला, म्हणाली तुलाच या गोष्टींची आवड, तूच नीट लावून ठेव. तर त्यातले तीन फोटो पाणबुड्यांचे आहेत आणि मला त्यांच्या खाली बरोबर नावं लिहायचीयेत.

पहिल्यात एक लांबलचक पाणबुडी धक्क्याला लागलेली आहे, अगदी आडवी दिसते. नाकाच्या वरच्या बाजूला उलट्या वाटीसारखा एक उंचवटा आहे, कडेने पाण्याच्या जरा वर लांबट भोकांची ओळ आहे आणि मधल्या मनोऱ्यावर पांढऱ्या रंगात तीन आकडी नंबर आहे. मनोऱ्याच्या पुढे एक खलाशी हात मागे बांधून उभा आहे, तो बहुतेक काकांच्या जहाजाकडेच बघतोय. दुसऱ्यात काळी, जाडसर, बोथट नाकाची पाणबुडी आहे, तिच्या अंगावर जागोजागी चौकोनी ठिगळं दिसतात. तिसऱ्यात भिंतीला लागून एक छोटी, खूप जुनी वाटणारी आहे, गंजाचे ओघळ पार पाण्यापर्यंत आलेत, माणूस एकही नाही.

पहिल्या फोटोमागे काकांनी पेनाने "अकुला" लिहिलंय. नेटवर तो नंबर टाकून शोधलं तर भलतीच पाणबुडी येते, तिचा आकारसुद्धा जुळत नाही. माझं काय चुकतंय? आणि दुसरं म्हणजे पुढेमागे तिकडे जाऊन आज ज्या जुन्या पाणबुड्या उरल्यात त्यांचे फोटो काढता येतील का?

लोखंडी_मासा:
फोटो झकास आहेत, सांभाळून ठेवा. आधी नंबरचं सांगतो कारण सगळे तिथेच फसतात. मनोऱ्यावरचा तो पांढरा नंबर म्हणजे पाणबुडीचं नाव नव्हे. खरं नाव "बी-४१३" किंवा "एस-१८९" असं अक्षर आणि आकडा मिळून असतं आणि ते सहसा बाहेर रंगवलेलं नसतं. पांढरे नंबर सोव्हिएत काळात वरचेवर बदलायचे, एकाच पाणबुडीला आयुष्यात चार-पाच वेगवेगळे नंबर मिळालेले असतात आणि तोच नंबर पुढे दुसरीला दिलेला असतो. त्यामुळे नंबरवरून शोधलं की हमखास दुसरीच सापडते. त्यात १९९२ मध्ये बऱ्याच अणुपाणबुड्यांच्या नावातलं "के" अक्षर बदलून "बी" केलं, म्हणजे खऱ्या नावातही घोळ आहेच.

"अकुला" तर नक्कीच नाही. या शब्दाने भल्याभल्यांना गोंधळात टाकलंय. रशियन लोक ज्याला अकुला म्हणजे शार्क म्हणतात तो प्रोजेक्ट ९४१ (प्रोजेक्ट म्हणजे सोव्हिएत आराखड्याचा क्रमांक), आपण ज्याला टायफून म्हणतो ती अजस्र पाणबुडी. आणि नाटोने अकुला हे नाव दिलं प्रोजेक्ट ९७१ ला, जिला रशियन स्वतः श्चुका-बी म्हणतात. दोन्ही अणुपाणबुड्या, दोन्ही उत्तरेकडच्या आणि पॅसिफिकच्या ताफ्यांकडच्या. क्रोनश्टाटला टायफून आलीये, पण ती २०१७ च्या जुलैमध्ये नौदलाच्या संचलनासाठी, काकांच्या फोटोनंतर २४ वर्षांनी.

तुमचं वर्णन वाचून पहिली मला फॉक्सट्रॉट (हेही नाटोनेच दिलेलं नाव) वाटते, म्हणजे प्रोजेक्ट ६४१, डिझेल-इलेक्ट्रिक. नाकावरचा उंचवटा हा सोनारचा, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं शोधणाऱ्या यंत्राचा घुमट आणि ती भोकं म्हणजे बुडी मारताना बाहेरच्या कवचात पाणी शिरायची वाट. फक्त असाच घुमट रोमिओवर, म्हणजे प्रोजेक्ट ६३३ वरसुद्धा असतो, तेव्हा एवढ्यावर मी पैज लावणार नाही.

दीपस्तंभ:
वरच्याशी सहमत, पण रोमिओ की फॉक्सट्रॉट हे मोजून ठरवता येईल, त्यासाठी तो हात मागे बांधलेला खलाशी फार मोलाचा आहे. रोमिओ साधारण ७६ मीटर लांब, फॉक्सट्रॉट ९१. फरक मोठा आहे. फोटो चांगल्या रिझोल्यूशनला स्कॅन करा, मोबाईलने फोटोचा फोटो नको, कडा वाकतात. मग खलाशी डोक्यापासून पायापर्यंत किती पिक्सेल आणि पाणबुडी नाकापासून शेपटीकडे जिथे पाण्यात जाते तिथपर्यंत किती पिक्सेल ते सांगा. तो पाणबुडीवरच उभा आहे म्हणजे कॅमेऱ्यापासून दोघांचं अंतर जवळपास सारखंच.

जुना_अल्बम:
केलं. खलाशी २८ पिक्सेल, पाणबुडी १४४०. टोपी धरलेली नाही.

दीपस्तंभ:
वा. खलाशी १.७० मीटर धरला तर १४४० भागिले २८ गुणिले १.७० म्हणजे साधारण ८७ मीटर. आता चूक किती होऊ शकते तेही बघू. खलाशी मोजताना दोन पिक्सेल इकडेतिकडे झाले, म्हणजे ३० धरले तर ८१ च्या पुढे आणि २६ धरले तर ९४. सगळ्यात वाईट धरूनही ७६ ला येत नाही. शिवाय शेपटीचा भाग पाण्याखाली आहे आणि पाणबुडी जरा तिरकी असेल तर फोटोत आखूडच दिसणार, म्हणजे खरी लांबी याहून जास्तच. फॉक्सट्रॉट. बिनधास्त लिहा.

सोव्हिएत नौदलाकडे फॉक्सट्रॉट खूप होत्या, परदेशांसाठीच्या धरून ७५ बांधल्या, आणि त्या सेंट पीटर्सबर्गमध्येच म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये बांधल्या गेल्या. तीन प्रोपेलर, तीन डिझेल इंजिनं. काकांनी फोटो काढला तेव्हा सोव्हिएत युनियन संपून जेमतेम दीड वर्ष झालं होतं आणि या पाणबुड्या भराभर ताफ्यातून काढल्या जात होत्या. तो खलाशी कदाचित तिच्या शेवटच्या काही खलाशांपैकी एक असेल, हे मनात आलं आणि फोटोकडे परत बघावंसं वाटलं.

लोखंडी_मासा:
दुसरी किलो आहे, प्रोजेक्ट ८७७. बोथट नाक आणि फुगीर अंग हे फॉक्सट्रॉटच्या पिढीत नव्हतं, ती पिढी पाण्यावर जास्त वेळ काढायची म्हणून तिचं नाक बोटीसारखं होतं. किलो पाण्याखाली राहायला बांधलेली. ती चौकोनी ठिगळं म्हणजे आवाज शोषणाऱ्या रबरी टाइल्स निघून गेलेल्या जागा. या टाइल्सकडे नीट बघायची सवय लावा, कारण कुठल्या जागच्या टाइल्स गेल्यात त्यावरून एकाच वर्गातल्या दोन पाणबुड्या वेगळ्या ओळखता येतात. पुढच्या दुरुस्तीत नवीन बसवल्या की ती खूण जाते, तेव्हा तारखेच्या जवळचेच फोटो जुळवायचे. पुढे किलोचा सुधारलेला प्रकार ६३६ आला, तो दोन फ्रेमनी, म्हणजे सांगाड्याच्या दोन कड्यांनी लांब आहे, पण १९९३ मध्ये एकही ६३६ पाण्यात उतरलेली नव्हती. तारखेनेच काम झालं.

सागरवेडी:
तिसऱ्या फोटोने मला अगदी गलबलून आलं. घुमट नाही, लहान आहे, मनोरा बुटका आहे, तर ती व्हिस्की असणार, प्रोजेक्ट ६१३. युद्धानंतर सोव्हिएत युनियनने या २१५ बांधल्या. मी तिच्या एका बहिणीच्या पोटातून चालून आलेय म्हणून सांगते. सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीच्या काठी लेफ्टनंट श्मिट घाटावर एस-१८९ उभी आहे, आता संग्रहालय आहे. आत सात कप्पे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल दार, त्यातून एक पाय आधी टाकायचा, मग डोकं, मग उरलेलं अंग. मी दोनदा कपाळ आपटून घेतलं. टॉर्पेडोच्या कप्प्यात टॉर्पेडोच्या शेजारीच झोपायच्या फळ्या आहेत, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ.

हे सांगायचं कारण म्हणजे एस-१८९ ताफ्यातून काढल्यावर क्रोनश्टाटलाच पडून होती. १९९९ मध्ये धक्क्याला लागलेली असतानाच ती बुडाली, २००५ मध्ये वर काढली आणि २०१० मध्ये लोकांसाठी उघडली. तुमच्या फोटोतली तीच आहे असं मी म्हणणार नाही, एवढ्यावरून तसं ठरवणं चुकीचं होईल, खाली "व्हिस्की वर्ग, क्रोनश्टाट, १९९३" एवढंच लिहा. पण गंजाच्या ओघळांचा क्लोजअप टाकाल का प्लीज?

आता जायचं म्हणताय त्याबद्दल. कळकळीने सांगते, चालू तळांच्या आसपास कॅमेरा घेऊन फिरू नका. सेवेरोमोर्स्क, गाजियेवो, विद्यायेवो, कामचात्कातलं विल्युचिन्स्क ही सगळी बंद शहरं आहेत, परदेशी माणसाला परवान्याशिवाय प्रवेशच नाही. मुर्मान्स्क उघडं आहे पण म्हणून तिथून लांबची लेन्स लावून नौदलाची जहाजं टिपायची असं नाही. अलेक्झांडर निकितिन स्वतः सोव्हिएत नौदलात कॅप्टन होते, उत्तरेच्या ताफ्यातल्या जुन्या अणुपाणबुड्यांच्या किरणोत्सर्गाबद्दल एका नॉर्वेजियन पर्यावरण संस्थेसाठी लिहिलं म्हणून १९९६ मध्ये त्यांना अटक झाली, आणि सगळी माहिती उघड स्रोतांतली होती तरी निर्दोष सुटेपर्यंत चार वर्षं गेली. आजचं वातावरण तेव्हापेक्षा कितीतरी कडक आहे.

त्यापेक्षा संग्रहालयं करा, मनसोक्त फोटो काढता येतात. तुमची फॉक्सट्रॉट दोन ठिकाणी बघायला मिळेल, कालिनिनग्राडला बी-४१३ आणि वितेग्राला बी-४४०. मॉस्कोत बी-३९६ आहे, ती टँगो, म्हणजे फॉक्सट्रॉटनंतरची पिढी, तिच्या डेकचा पुढचा भाग मागच्यापेक्षा चढलेला दिसतो. आणि क्रोनश्टाटलाच आता के-३ ठेवलीये, पहिली सोव्हिएत अणुपाणबुडी, १९६२ मध्ये बर्फाखालून उत्तर ध्रुवापर्यंत गेलेली. १९६७ मध्ये तिच्यावर आग लागून ३९ जण गेले, तिथे गेलात तर जरा थांबून या.

दीपस्तंभ:
संग्रहालयात जाल तेव्हा एक करा. सुंदर कोनातले फोटो काढालच, पण एक फोटो बरोबर आडवा, मधोमध उभं राहून काढा, आणि एक नाकाचा, एक मनोऱ्याचा, एक शेपटीचा. काकांचा पहिला फोटो आपण ओळखू शकलो तो केवळ आडवा आणि माणसासकट आहे म्हणून.

जुना_अल्बम:
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. काकूला फोन करून सांगितलं की अकुला नाही, फॉक्सट्रॉट आहे. ती म्हणाली त्यांनी लिहिलेलं खोडू नकोस, खाली तुझं लिही. तसंच केलंय, वर काकांचं "अकुला" आणि खाली माझ्या अक्षरात "फॉक्सट्रॉट वर्ग, प्रोजेक्ट ६४१, क्रोनश्टाट, उन्हाळा १९९३". सागरवेडी ताई, क्लोजअप रात्री टाकते, स्कॅनर शेजारच्यांकडे आहे. एस-१८९ चे आतले फोटो तुमच्याकडे असतील तर तेही बघायला आवडतील, विशेषतः ते गोल दार.