दहा वर्षांच्या सरासरी कमाईवरचा पीई एकाच कंपनीला लावताना

प्रश्न असा आहे की गेल्या वर्षीच्या ईपीएसवरचा (म्हणजे एका शेअरमागच्या कमाईवरचा) पीई, म्हणजे शेअरचा भाव भागिले ती कमाई, समोर असताना दहा वर्षं मागे कशाला जायचं. कारण एका वर्षाची कमाई फार फसवते हो, विशेषतः स्टील, तेल अशा तेजी-मंदीच्या सायकलवर चालणाऱ्या धंद्यात, तिथे तेजीच्या टोकाला नफा फुगलेला असतो म्हणून पीई कमी दिसतो आणि शेअर स्वस्त वाटतो, आणि मंदीच्या तळाला नफाच उरत नाही म्हणून तोच पीई आभाळाला टेकतो, म्हणजे नेमकं उलटं चित्र. २००९ मध्ये अमेरिकेच्या एसअँडपी ५०० या शेअर निर्देशांकाचं हेच झालं, साधा पीई १०० च्या पुढे गेला आणि अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलरचा केप (म्हणजे हाच दहा वर्षांच्या सरासरी कमाईवरचा पीई) मात्र मार्चमध्ये १३ च्या आसपास होता.

आकडेमोड सोपी आहे, प्रत्येक वर्षाचा ईपीएस आजच्या महागाई निर्देशांकाने गुणायचा, त्या वर्षीच्या निर्देशांकाने भागायचा, मग सरासरी, आणि शेअरचा आजचा भाव त्या सरासरीने भागायचा. महागाई न धरता नुसतीच सरासरी काढली तर जुने आकडे छोटे राहतात आणि शेअर उगाच महाग दिसतो. स्प्लिट-बोनसचं (त्यात शेअरची संख्या वाढते) अ‍ॅडजस्टमेंट त्याआधी करा प्लीज.

पण एकट्या कंपनीत खरा धोका वेगळाच आहे, दहा वर्षांत कंपनी तीच राहिलीय का? अर्धा धंदा विकला असेल किंवा कर्ज काढून दुसरी कंपनी घेतली असेल तर जुनी कमाई आजच्या शेअरबद्दल फारसं काही सांगत नाही. जोरात वाढणारी कंपनी तर यात कायम महागच दिसणार, म्हणून मी तुलना त्याच कंपनीच्या जुन्या रेशोशी करतो, दुसऱ्या सेक्टरशी नाही.